बॅटरी काढली की काच विसरते



मागचे दोन लेख स्वयंपाकघरातले होते. पिठाची मर्यादा पावसाळ्यात किती दिवस, हिवाळ्यात किती दिवस, यावर तुमचे फोनही पुष्कळ आले. आजचा विषय मात्र अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा आहे, आणि त्यातही फक्त तिच्या काचेचा. "हे आमच्या ह्यांचं खातं" असं म्हणून पुढे जाऊ नका. आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवतात. बाळीवेशीतून जुळे सोलापूरला, होटगी रोडवरून मुलांच्या क्लासला, रविवारी मंदिरात अभिषेकाला. आणि ज्या चालवत नाहीत त्या नातवंडांना घेऊन मागे बसतात. त्यांच्यासाठी तर हे जास्तच आहे.

झालं असं. ह्यांनी या चातुर्मासात गावाबाहेर न जाण्याचा नियम घेतला होता. गावातल्या गावात आमचं स्कूटरवर भागतं. त्यामुळे गाडी चार महिने जवळपास जागची हलली नाही. उभी गाडी बॅटरी खाते, हे मागच्या वर्षी बॅटरी बदलताना कळलं होतं, म्हणून या वेळी बॅटरीवाल्याकडून तिची तार काढून ठेवली. दिवाळी झाली, कार्तिकी पौर्णिमा झाली, आणि कुंथलगिरीला जाऊन यायचं ठरलं. बॅटरीवाला संध्याकाळी आला, दोन मिनिटांत तार जोडली, गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली, तो पैसे घेऊन गेला. आम्ही खूश.

सकाळी साडेसहाला निघालो. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचा रस्ता असला की गाडी मीच चालवते. लेक दिवाळीला आलेली होती, ती आणि साडेचार वर्षांचा नातू फाटकापाशी सोडायला आले. नातू माझ्या बाजूला उभा राहून "आज्जी, मला पेढा आण" असं चाललेलं. थंडी वाजत होती म्हणून मी काच वर घ्यायला बटण ओढलं. नेहमी एकदा ओढून सोडलं की काच आपोआप वरपर्यंत जाते. त्या दिवशी जाईना. दोनदा ओढलं, इंचभर चढली आणि थांबली. मग मी वैतागून बटण ओढून धरलं आणि गाडी मागे घ्यायची म्हणून आरशात बघायला लागले. नातवाने टाटा करता करता काचेच्या कडेवर बोटं ठेवलेली मला दिसलीच नाहीत.

किंकाळी ऐकली तेव्हा बटण सुटलं. काच जागच्या जागी थांबली, खाली आली नाही. ती खाली घ्यायची तर बटण दाबायचं, हे सुचायला जो काही एक सेकंद गेला असेल तो अजून झोपेत आठवतो.

दोन बोटं निळी पडली. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. एका बोटाचं नख काळं झालं, पुढे गळून पडलं आणि आता नवीन येतं आहे. कुंथलगिरी त्या दिवशी राहिलं.

आता तुम्ही विचाराल की बघून काच का नाही चढवली. बरोबर आहे, बघायलाच हवं होतं. पण माझ्या मनात काय होतं तेही सांगते. गाडी घेतली त्या दिवशी शोरूममधल्या मुलाने काचेच्या वाटेत फाइल धरून दाखवली होती. काच फाइलला टेकली आणि आपली आपण खाली गेली. "काकू, लहान मूल असलं तरी काळजी नाही," असं तो म्हणाला होता. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. चार वर्षं ते खरंही होतं. त्या सकाळी ते खरं नव्हतं आणि ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

बोटं चेमटली ती माझ्या हाताने, म्हणून नंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. गाडीसोबत येणारं जाड पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून पहिल्यांदाच बाहेर काढलं. भाच्याने कॉलेजात इंजिनिअरिंग केलंय, त्यालाही बसवून विचारलं.

दारात एक छोटी मोटर असते, ती काच वर-खाली करते. मोटरचे किती फेरे झाले हे एक सेन्सर मोजत असतो. फेऱ्यांवरून गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरला कळतं की काच आत्ता कुठे आहे. अंधारात जिना उतरताना आपण पायऱ्या मोजतो ना, तसंच. काच वर जाताना मध्येच मोटर जड चालायला लागली की तो समजतो, वाटेत काहीतरी आलंय, आणि काच उलटी फिरवतो. पण इथे एक अडचण आहे. अगदी वर पोचल्यावर काच रबराच्या पट्टीत घुसते, तेव्हाही मोटर जड चालतेच. तिथे काच उलटली तर ती कधी बंदच होणार नाही. म्हणून शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये जडपणाकडे दुर्लक्ष करायचं, असं त्याला शिकवलेलं असतं. त्यासाठी वरचा शेवट नेमका कुठे आहे हे पक्कं ठाऊक असावं लागतं.

बॅटरीची तार काढली की बऱ्याच गाड्यांत ही मोजणी पुसली जाते. जिन्यात मध्येच कोणी हाक मारली आणि आपण कितव्या पायरीवर होतो तेच विसरलो, तशी काचेची गत होते. मग कॉम्प्युटर एकदा ओढून आपोआप चढणं बंद करून टाकतो, आणि त्याबरोबर बोट आलं तर मागे फिरणंही बंद होऊ शकतं. काच तेवढी चढते, तुम्ही बटण धरून ठेवाल तितकीच. म्हणजे मला जो वैताग वाटला, की काय मेलं बटण नीट चालत नाही, ती खरं तर गाडीने दिलेली एकमेव सूचना होती. त्या सूचनेवर मी बटण आणखी जोरात ओढलं.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनातून जात नाही. काचांबाबत संयुक्त राष्ट्रांचा २१ क्रमांकाचा एक नियम आहे, तो युरोपात पाळतात. अमेरिकेचा वेगळा, ११८ क्रमांकाचा. काच आपोआप मागे फिरणारी असेल तर तिने १०० न्यूटनच्या आत मागे फिरलं पाहिजे, म्हणजे साधारण दहा किलोचं वजन ठेवल्यावर जेवढा दाब पडेल त्याच्या आत. फट ४ मिलिमीटरपासून २०० मिलिमीटरपर्यंत असताना हे तपासतात. लहान मुलाचं बोट, हात, डोकं, सगळं त्यात येतं. पण किल्ली चालू आहे आणि माणूस स्वतः बटण धरून काच चढवतो आहे, अशा वेळी या मागे फिरण्याची सक्ती नाही. कारण सरळ आहे. ज्याचं बोट बटणावर आहे तो बघतो आहे, असं कायदा धरून चालतो.

मी बघत नव्हते. आरशात बघत होते.

घरी जे भेटायला आले त्यातल्या दोघी-तिघी म्हणाल्या, "जाऊ दे गं, त्याच्या कर्मात होतं, थोडक्यात निभावलं." चांगल्या मनाने म्हणाल्या, पण मला ते पटलं नाही. साडेचार वर्षांच्या पोराच्या कर्मावर माझी चूक मी कशी टाकू? तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला केवढं स्थान दिलं आहे हे आपण पाठशाळेत शिकलो. पाणी गाळताना, धान्य निवडताना, दिवा लावताना आपण तो प्रमाद टाळायला किती जपतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवासाठी गाळणं दुहेरी घेतो. आणि दारात उभ्या असलेल्या, सगळ्यांना दिसणाऱ्या जीवाच्या बाबतीत एका यंत्रावर विसंबून मान फिरवतो. मी दुसऱ्या कोणाला नाही, स्वतःला सांगते आहे.

तर आता करायचं काय. तार जोडून झाली, गाडी सुरू झाली, की मूल गाडीजवळ येण्याआधी काचेला तिची जागा परत शिकवायची. बहुतेक गाड्यांत त्याची रीत अशी आहे: सगळी दारं लावा, गाडी सुरू करा. चालकाच्या बाजूचं बटण ओढून धरा आणि काच पूर्ण वर जाऊ द्या. ती अर्ध्यात थांबत असेल तर पुन्हा पुन्हा ओढून वर न्या. वर टेकली तरी बटण सोडू नका, तसंच काही सेकंद धरून ठेवा. सगळी गंमत या धरून ठेवण्यात आहे. आपण काच लागली की बटण सोडतो आणि म्हणून ती शिकत नाही. मग बटण दाबून काच पूर्ण खाली न्या, खालीही तसंच धरा. पुन्हा वर न्या, पुन्हा धरा. आता एकदाच ओढून सोडून बघा. आपोआप वरपर्यंत गेली तर तिला आठवलं.

किती सेकंद धरायचं हे गाडीगाडीवर आहे. कुठे दोन, कुठे पाच, कुठे त्याहून जास्त. काही गाड्यांत आधी खाली मग वर असा क्रम असतो. ज्या गाड्यांत चारही काचा आपोआप चढतात तिथे प्रत्येक काचेला हे वेगळं करावं लागतं, आणि बरेचदा त्या त्या दाराच्या बटणावरून. म्हणून अंदाजाने न करता पुस्तकात पॉवर विंडोचं पान उघडा. तिथे बॅटरी काढल्यावर काय करायचं ते दिलेलं असतं. मी त्या पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला आहे.

काच शिकली की नाही हे स्वतःच्या हाताने तपासू नका. शोरूमवाला काहीही करू दे. फोनवरच्या व्हिडिओंत लोक बहुतेक गाजर धरतात. आता आपल्या घरात गाजर कुठून येणार! मी फ्रिजमधला लांबसा दोडका घेतला. एक टोक हातात, दुसरं काचेच्या वाटेत, बोटं चांगली वीतभर लांब. काच दोडक्याला टेकली आणि शहाण्यासारखी खाली गेली. दोडक्यावर नुसता वळ उठला.

मग मला काय सुचलं कोण जाणे, तोच दोडका मी मागच्या दाराच्या काचेत धरला आणि पुढून बटण ओढून धरलं. मागची काच थांबली नाही. दोडका चेपला, शिरा फुटून पाणी आलं, तरी मोटर कण्हत वर ढकलत होती. मी बटण सोडलं तेव्हा थांबली.

मैत्रिणींनो, हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं. आमच्या गाडीत मागे फिरणारी काच फक्त चालकाच्या बाजूला आहे. बाकी तीन काचांना ती सोय मुळातच नाही. विसरण्याचा प्रश्नच नाही, त्यांना कधी शिकवलेलंच नाही. भाचा म्हणाला, आपल्याकडच्या बऱ्याच मध्यम किमतीच्या गाड्यांत असंच असतं. जिथे मोठं, शहाणं माणूस बसतं त्या काचेला बोट कळतं, आणि जिथे पोरं बसतात त्या काचेला कळत नाही. जाहिरातीत छताची काच, मोठा स्क्रीन, बसल्या जागी गार वारा, सगळं येतं. ही गोष्ट कोणी सांगत नाही. मला विचाराल तर एक काच सुरक्षित द्यायची असेल तर ती मागची द्यायला हवी होती.

म्हणून चालकाच्या दारावर जे काच कुलूपबंद करायचं बटण असतं (त्यावर बहुधा काचेचं चित्र आणि फुली असते), ते मूल मागे बसलं की दाबलेलं असावं. मग मुलाला मागचं बटण चालवता येत नाही. पण पुढून आपण त्याची काच चढवू शकतो, हे लक्षात असू द्या. काही गाड्यांत हे कुलूप लावल्यावर पुढूनही चढत नाही. तुमच्या गाडीत काय होतं ते एकदा रिकाम्या गाडीत करून बघा. आणि दोन मिनिटांसाठी उतरलात तरी किल्ली काढून हातात घ्या. आपल्या सोलापूरच्या उन्हात गाडी चालू ठेवून, एसी लावून, पोराला आत बसवून दुकानात जाणाऱ्या आया मी नव्या पेठेत रोज बघते.

त्या रात्री जेवताना दोडक्याची भाजी होती. ह्यांनी विचारलं, "एवढी मऊ कशी झाली?" मी काही बोलले नाही.

बॅटरीवाल्याबद्दल दोन शब्द. त्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. फोन केला तर म्हणाला, "ताई, ते तर गाडी चालवताना आपोआप होतं." होत नाही. आमच्या गाडीत नाही झालं. शेजारच्या वहिनींची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांची काच बॅटरी बदलल्यापासून वर टेकायची आणि परत चार बोटं खाली यायची. एका गॅरेजवाल्याने मोटर गेली म्हणून सांगितलं, खर्चाचा आकडाही दिला. मी त्यांच्या गाडीचं पुस्तक मागून घेतलं, आम्ही दोघींनी अंगणात उभं राहून तीन मिनिटांत ते केलं. मोटर ठणठणीत होती. माझं म्हणणं एवढंच की जो बॅटरीला पाना लावतो त्याने निघण्याआधी काच एकदा ओढून दाखवावी, जसा गॅसवाला रेग्युलेटर लावल्यावर गळती तपासून दाखवतो. तो दाखवत नसेल तर आपण मागावं. पैसे हातात देण्याआधी मागावं, नंतर कोणी थांबत नाही.

स्वतः तार काढणार असाल तर हेही लिहून ठेवते. बहुतेक वेळा दहा नंबरचा पाना लागतो. आधी काळी, वजा चिन्हाची तार काढायची, आणि लावताना तीच शेवटी लावायची. उलटं केलं आणि पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. हातात बांगड्या, अंगठ्या असतील तर काढून ठेवा. गाडीची किल्ली आत ठेवू नका, कधी कधी वीज परत आल्यावर दारं आपली आपण लागतात. घड्याळ परत लावावं लागतं, रेडिओची स्टेशनं जातात. ती गेली तर जाऊ देत.

सासरेबुवांकडे प्रीमिअर पद्मिनी होती. आपल्या सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद शेठजींनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स सुरू केली, त्या कंपनीची गाडी म्हणून तिचं आमच्या घरात कोण कौतुक! सासूबाई अजून सांगतात की पहिल्या दिवशी तिला हळदीकुंकू वाहून मंदिरापर्यंत नेली होती. तिच्या काचा हाताने फिरवायच्या. दांडा फिरवताना काचेत काही अडकलं तर हाताला लगेच लागायचं, दांडा जड व्हायचा आणि हात थांबायचा. आता जडपणा मोटरला लागतो, आपल्या हाताला काहीच लागत नाही. जुनं सगळं चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही. मे महिन्यात त्या गाडीतून तुळजापूरच्या घाटात जाताना काय व्हायचं ते मला आठवतं. पण तेव्हा काच चढवणाऱ्याला काच कुठे आहे हे हाताने कळायचं. आता ते बघूनच कळणार.

नातू पुण्याला परत गेला आहे. फोनवर बोट दाखवतो, नवीन नख अर्ध्यापर्यंत आलंय. मार्गशीर्षात पुन्हा बॅटरीची तार काढायची वेळ आली, गॅरेजमध्ये दुसरंच काहीतरी काम होतं. गाडी घरी आल्यावर मी आधी फाटक लावून घेतलं, मग काच वर नेऊन बटण धरून ठेवलं आणि मोठ्याने पाचपर्यंत मोजलं. सासूबाई ओट्यावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय गं, गाडीलाही जप करायला लावतेस का?"

तुमच्या गाडीच्या पुस्तकात किती सेकंद लिहिले आहेत ते मला जरूर कळवा. वेगवेगळ्या गाड्यांचे आकडे आले की मी इथेच खाली लिहीन, म्हणजे पुस्तक हरवलेल्यांना उपयोग होईल.